चादरींचं सोलर

भालचंद्ररावांनी नोकरीभर सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या योजनांची कागदपत्रं पुढं सरकवली. आपलीही एखादी योजना असावी, ही हौस निवृत्तीनंतर उफाळून आली आणि बदनापूरच्या घरात त्यांच्या पत्नीला, विमलताईंना ती भोवली. हे दुसरं कुणी म्हणत नव्हतं, भालचंद्ररावच म्हणायचे. "माझ्या डोक्यात प्लॅन शिरला की घरच्यांनी गावाला निघून जावं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि त्याचा चहा संपायच्या आत त्यालाही प्लॅन ऐकवत.

योजनेचं मूळ होतं स्वरा, पुण्याची नात. गेल्या मे महिन्यात ती सुट्टीला आली. दुपारी लाइट गेली ती दिवेलागणीपर्यंत आली नाही. घामोळ्यांनी लाल झालेल्या पोरीला घेऊन मुलगा मुकुल आणि सून सुरुची दुसऱ्याच दिवशी परत गेले. "अण्णा, पुढच्या वर्षी तुम्हीच या तिकडं," मुकुल जाताना सहज म्हणाला, पण भालचंद्ररावांना ते फार लागलं. नात सुट्टीत आपल्याकडं राहणार नसेल तर आपण फोनमधले आजोबा होऊन बसणार, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना.

म्हणून गच्चीवर सोलर, जिन्याखाली बॅटरी आणि मधल्या खोलीत एसी, असा बेत ठरला. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून पाहून भालचंद्रराव तयार झाले. नुसतं सोलर असून भागत नाही, लाइट गेली की तेही बंद पडतं, म्हणून बॅटरी पाहिजे, हे त्यांनी भाजीवाल्यालासुद्धा पटवून दिलं. तो बिचारा कोथिंबीर हातात धरून उभा होता.

इलेक्ट्रिशियन भागवतनं घर पाहिलं. मीटरजवळचा लाकडी बोर्ड उघडून तो म्हणाला, "काका, याच्यावर एसी लावला तर आधी बोर्ड जळंल, मंग वायरिंग." तेव्हा नवा लोखंडी डबा, नवे स्विच आणि दोन वेगळ्या लायनी असं ठरलं. एक लाइन बॅटरीवर चालणारी, दुसरी लाइटसोबत जाणारी. बॅटरीवर काय काय घ्यायचं ते घरच्यांनी विचार करून सांगावं, म्हणजे बॅटरी जल्दी उतरणार न्हाई, एवढं सांगून भागवत गेला.

घरच्यांनी म्हणजे आपण, असा अर्थ भालचंद्ररावांनी लावला. त्यांच्यातला साहेब जागा झाला. घरातल्या एकेका दिव्याची, पंख्याची त्यांनी जणू मुलाखत घेतली. एसी अर्थातच पास झाला. टीव्ही वशिल्यानं पास झाला. स्वयंपाकघरातला पंखा नापास झाला.

"तिथं तू काय दिवसभर बसून राहतेस का?" त्यांनी विमलताईंना विचारलं.

"न्हाई. उभी राहते," विमलताई म्हणाल्या आणि भेंडी चिरत राहिल्या.

हे उत्तर भालचंद्ररावांना इतकं आवडलं की त्यांनी ते कट्ट्यावरच्या मित्रांना हसत हसत सांगितलं. पंखा मात्र नापासच राहिला.

आता प्रश्न होता पाण्याच्या टाकीच्या सावलीचा. पॅनलवर सावली पडली की वीज घटते. भालचंद्ररावांनी एका सकाळी कपाटातल्या सहा पांढऱ्या, धुतलेल्या चादरी काढल्या, पॅनलच्या मापात दुमडल्या, गच्चीवर ओळीनं अंथरल्या आणि कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. सावली कुठवर येते ते अधूनमधून जाऊन बघायचं, अशी ही युक्ती. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ते अंघोळीला गेले.

चैत्राचं ऊन, गच्ची आणि तिच्यावर अंथरलेल्या स्वच्छ चादरी, याचा गल्लीत एकच अर्थ होतो. समोरच्या द्वारकाबाईंच्या घरावर पत्रे. त्या आणि आणखी चौघीजणी कुरडयांचा शिजवलेला चीक पातेल्यात घेऊन कुणाच्या गच्चीवर जावं या विवंचनेतच होत्या. भालचंद्रराव अंग पुसून वर आले तेव्हा चादरी उलगडून, टाकीपासून दूर ओढून, त्यांच्यावर निम्म्या कुरडया घालून झाल्या होत्या.

"अहो, या चादरी न्हाईत. हे सोलर आहे," ते म्हणाले.

"मंग सोलरवर वाळून राह्यल्या," द्वारकाबाई सोऱ्या दाबत म्हणाल्या. "कडक होईस्तोवर हलवू नका बरं. आन् खरं सोलर बसल्यावर आम्ही कुठं जायचं, ते बी सांगा."

याचं उत्तर एकाही व्हिडिओत नव्हतं. वीज यायच्या आधी ज्याच्या सोलरवर कुरडया आल्या असा माणूस आपण एकटाच, असं भालचंद्रराव पुढं कितीतरी दिवस सांगत फिरले. पण द्वारकाबाईंचा प्रश्न त्यांना टाळता येईना. शेवटी पॅनल गच्चीच्या अर्ध्याच भागात, माणूस उभा राहील एवढ्या उंच खांबांवर बसवले. उरलेली अर्धी गच्ची उन्हाला आणि बायकांना राहिली. भागवतनं जादा वेल्डिंगची कुरकुर केली आणि काम बराबर करून दिलं.

मे महिन्यात मुकुल स्वराला सुट्टीसाठी बदनापूरला सोडून गेला. विमलताईंनी आपल्या वाटच्या कुरडया घालायचं काम मुद्दाम तोवर राखून ठेवलं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऊन चढत असताना लाइट गेली. भालचंद्रराव मधल्या खोलीकडं धावले. एसी चालू होता. इतका गारवा की त्यांना शहारा आला, आणि खोलीत कुणीही नव्हतं.

"स्वरा, ये गं, बघ कसं गार झालंय," त्यांनी जिन्यातून हाक मारली.

"आजोबा, तिथं कुणीच नाहीये," वरून उत्तर आलं. पॅनलच्या सावलीत, बायकांच्या मधोमध बसून ती सोऱ्या दाबत होती. कोपरापर्यंत चीक लागला होता.

भालचंद्रराव स्वयंपाकघरात आले. पंखा थांबलेला. विमलताई भल्यामोठ्या पातेल्यात दोन्ही हातांनी चीक हाटत होत्या आणि पदर घामानं पाठीला चिकटला होता. भालचंद्ररावांना मनापासून लाज वाटली. त्यांनी विमलताईंच्या हातातली पळी घेतली.

"सारखं हाटत राहा," विमलताई म्हणाल्या, आणि मधल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं स्वरा आणखी चीक न्यायला खाली आली, तोच ओट्यावरचा फोन वाजला. तिनं तो करंगळीनं स्पीकरवर टाकला.

"लाइट गेली म्हणे तिकडं," मुकुल म्हणाला. "आजच येतो तुला न्यायला."

"नको बाबा. उद्या द्वारकाआजीचे सांडगे आहेत. मी सुट्टीभर इथंच राहणार."

"एसी तरी चालू आहे ना?"

"असेल. आजी झोपलीय त्यात."

"आणि आजोबा?"

स्वरानं पातेल्यात वाकून पाहिलं.

"आजोबा चीक हाटतायत," ती म्हणाली. "गुठळ्या झाल्यात."