सटवातात्यांची तीन बोटं

जनावरांच्या बाजारात सटवातात्यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या तोंडात हात घालण्यात काढली. दुसऱ्यांच्या म्हणजे बैलांच्या. कडा गावाच्या आसपास बैल घ्यायचा तर तात्यांना बरोबर न्यावं लागे. बैलाचं वय दातांवरून ठरतं, मालकाच्या शपथेवरून नाही, हे त्यांच्या दलालीचं मूळ. ओठ उचलायचा, अंगठा आत सरकवायचा, की निकाल तयार: "चौसा हाय, चारच दात", "सहादाती हाय", नाहीतर "ह्याला आता घरीच सांभाळा."

एवढी तोंडं पाहिलेल्या माणसाच्या स्वतःच्या तोंडात मात्र कुणाला प्रवेश नव्हता. तिथं डाव्या गालाशी सकाळपासून तंबाखू नाहीतर सुपारीचा मावा मुक्कामाला असे. याला कुणी व्यसन म्हटलं की तात्यांना राग येई. ती धंद्याची रीत होती. कुणाला दिसू नये म्हणून टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरला, तरी तात्या तंबाखू मळून, चुना लावून दोघांच्या तळहातावर चिमूट ठेवत नाहीत तोवर सौदा पक्का झाला असं कुणी धरत नसे. चिमूट तोंडात गेली की माणूस शब्दाला बांधला गेला. आता दोघांना देऊन आपण कोरडं बसायचं, हे माणुसकीला धरून आहे का?

गेल्या उन्हाळ्यात तोंडाची आग सुरू झाली. ठेच्याचा घास घेतला की डोळ्यांना धार लागे. तात्यांनी कसून चौकशी केली. आरोपी तेवढा सोडून बाकी सगळ्यांची. आधी मिरची बदलली. मग चहा गार करून प्याले. मग सुनेनं आणलेल्या टूथपेस्टवर संशय घेतला. मग चुना खराब निघाला म्हणून दुसऱ्या दुकानातून आणला. शेवटी त्यांच्यातला शेतकरी जागा झाला आणि त्यांनी डावा गाल पडीक टाकून उजव्यात पेरणी केली. जमिनीला विसावा लागतो, तसा गालालाही लागत असेल. दिवाळीपर्यंत उजवाही जळायला लागला, आणि तोंड इतकं आखडलं की भाकरीचा घास आत जाईना. रतनबाई, त्यांची बायको, नातवासाठी दूध-भाकरीचा काला करायची, त्यातच त्यांचा वाटा पडू लागला.

"सोडा आता ती तंबाखू," मिश्रीचं बोट दातांवर फिरवत रतनबाई म्हणायची.

"आदी तू तुजं बोट काड तोंडातून."

"मिश्री दाताचं औषिद हाय."

मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. पण भाजल्यावर तिच्यातलं पाप जळून जातं, अशी रतनबाईची पक्की समजूत होती.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण एका सकाळी भावकीतला भारत एक बैल घेऊन दारात आला. मालकानं परीक्षेला दिला होता. तात्या ओठ उचलायला गेले तर बैल मान झटकायला लागला.

"लाजरा हाय म्हणला मालक," भारत म्हणाला.

"बैल कवा लाजरा असतो का रं? जे जनावर तोंड दावीना, त्येच्यात खोट असती. जा, परत नेऊन बांध."

रतनबाई दारात उभी होती. "थांब रं भारत. आवं, तुमी आ करा."

तात्यांनी आभाळाकडे पाहिलं.

"आ करा म्हणते."

तात्यांनी केला. चुन्याच्या डबीचं झाकण उघडावं तेवढा. भारतनं वाकून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "तात्या, आता बैल परत न्यायचा का तुमाला?"

दलाल स्वतःच्याच शब्दात सापडला. दुसऱ्या दिवशी रतनबाईनं त्यांना दातांच्या डॉक्टर दिपालीबाईंसमोर नेऊन बसवलं.

"मामा, तोंड किती उघडतं ते बघू. तुमचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला," डॉक्टर म्हणाली.

दोन गेली. तिसरं अडकलं. बोटांचा विषय निघाल्यावर तात्यांना बाजारात आल्यासारखं वाटलं. सवयीनं त्यांनी हातावर टॉवेल ओढला आणि टॉवेलाखाली दोन बोटं पुढं केली. "दोनावर मिटवा बाई. उगं ताणू नका."

"मामा, इथं भाव तुटत नाही. तीनच."

"अडीच?"

डॉक्टर हसली, पण मग हसणं थांबवून तिनं गालातला पांढरा डाग त्यांना आरशात दाखवला. "सुपारीनं आणि तंबाखूनं आतलं कातडं चामड्यासारखं झालंय. ते पहिल्यासारखं होईल असं सांगत नाही. आहे ते राखू. पण आजपासून सगळं बंद. डागाचा तुकडा तपासायला पाठवते. त्याचं काय ते आज सांगता येणार नाही."

'आज सांगता येणार नाही' हे वाक्य तात्यांनी स्वतः अनेक बैलमालकांना ऐकवलं होतं, म्हणून त्यांना त्याचा अर्थ कळला.

तपासणीत डाग साधा निघाला. आजच्यापुरता, असं डॉक्टरनं बजावलं. तात्यांनी तंबाखू सोडली आणि बाजारात बडीशेप वाटायला सुरुवात केली. लोक तळहाताकडे बघत राहिले. "बडीशेप? तात्या, जेवनं झाली का आपली?" दोघे-तिघे तर सरळ दुसऱ्या दलालाकडे गेले. तात्या चिडचिडत घरी येत, रोज सकाळी उंबऱ्यावर बसून तोंडाचा व्यायाम करत आणि बोटं घालून बघत.

"तुमचं तिसरं बोट शिरलं की माजी मिश्री बंद," रतनबाईनं सांगून ठेवलं होतं. ते शिरणार नाही याची तिला खात्री होती.

फाल्गुनातल्या एका सकाळी ती मिश्रीची डबी घेऊन शेजारी टेकली. "किती?"

तात्यांचं तोंड बोटांनी भरलेलं. त्यांनी मोकळ्या हातानं टॉवेल ओढला आणि त्याखाली तिच्या हातात आपली बोटं दिली. दोन बोटं सरळ, तिसरं अर्ध्यात मुडपलेलं.

रतनबाईनं ते अर्धं बोट बराच वेळ चाचपलं. "पुरतं न्हाई गेलं," ती म्हणाली.

तात्यांनी तोंड मोकळं केलं. "ह्या तोंडात आता यवढंच जाणार. अडीचावर तोड कर."

आणि खिशातून बडीशेप काढून त्यांनी तिच्या तळहातावर चिमूट ठेवली. रतनबाईनं चिमटीकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, आणि बडीशेप तोंडात टाकली. बडीशेपीवर पक्का झालेला तात्यांचा तो पहिला सौदा.

डबी तिनं फेकली नाही. वरच्या फळीवर, हात पोचणार नाही अशी ठेवली. दुपारी तात्यांच्या काल्याशेजारी तिनं नखाएवढा ठेचा वाढला.

"चाटून बगा नुसता," ती म्हणाली. "अन् आग झाली तर मिरचीला बोल लावू नका."