आठ दिवसांची अट

आमच्या शाळेत परीक्षा नव्हती, गणवेश नव्हता, छडी तर नव्हतीच. अट मात्र एक होती आणि ती मीच घातली होती. नव्या मुलाच्या आईने किंवा वडिलांनी आधी आठ दिवस वर्गात बसायचं. पोरं चिंचोके तोलत, माती कालवत शिकतात हे डोळ्यांनी पाहिलं, की "गृहपाठ का देत नाही" म्हणून कुणी भांडायला येत नाही. या अटीचा मला फार अभिमान. नेकनूरच्या दुकानदारांच्या, मास्तरांच्या बायका हौसेने येऊन बसायच्या. गरिबांसाठी राखलेल्या बिनफीच्या जागा तेवढ्या दरवर्षी रिकाम्या राहायच्या, आणि मी खुशाल म्हणायचे, लोकांना कदरच नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

दसऱ्यानंतर एका सकाळी ऊसतोडीला निघालेली एक बाई सात वर्षांच्या मुलीचा हात धरून दारात उभी राहिली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे दोघांनाही जावंच लागतं. शाळेत घेतलं तरच मुलगी आजीजवळ राहणार होती, नाहीतर त्यांच्याबरोबर उसाच्या फडात.

"बाई, हिला घ्या शाळंत. दुपारी आमचा ट्रक हाय."

मी अट सांगितली.

"आठ दिस कुठून आणू? आज बसते की दुपारपत्तुर. हिच्या आजीला बसवलं आसतं, पर तिला दिसत न्हाई."

"आई-वडीलच लागतात, ताई."

"कावून?"

या प्रश्नावर माझ्याकडे अर्ध्या तासाचं भाषण तयार असायचं.  त्या दिवशी, समितीच्या अध्यक्षांना विचारते, एवढंच म्हणाले.

अध्यक्ष फोन उचलेनात. बाई भिंतीला टेकून बसली. मुलगी सरळ तागडीपाशी गेली आणि थोड्या वेळात पोरांना सुनावू लागली, "ही तागडी खोटी हाय." तिने हलक्या पारड्यात एक खडा टाकला, तागडी सरळ झाली. वर्षभर आम्ही त्याच तागडीवर शिकवत होतो! इकडे आईचा फोन वाजत होता. तिसऱ्यांदा तिने "आलेच" म्हणून तो बंद केला.

साडेअकराला अध्यक्ष भेटले. "एकाला सूट दिली की रांग लागेल. सोमवारच्या बैठकीत ठेवू." मी "बरं" म्हणाले. ते "बरं" आठवलं की आजही माझी मलाच चीड येते.

"सोमवारी आमी फडात आसनार," बाई म्हणाली आणि मुलीला उठवलं.

मुलगी वळून वळून तागडीकडे बघत गेली. दहा मिनिटं मी वर्गात नुसती फेऱ्या मारत होते. पालकांचा आमच्यावर विश्वास बसावा म्हणून अट घातली, आणि जी विश्वास घेऊनच आली तिला मी दारातून परत पाठवलं. तळपायाची आग मस्तकात गेली. वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवून मी स्कूटर काढली.

फाट्यावर ट्रक सुरूच होता. भांडी, गोधड्या आणि त्यावर माणसं. ती वर बसली होती, मुलगी मांडीवर.

"तिला खाली द्या!" मी ओरडले. "घेतलं हिला. अट गेली खड्ड्यात."

ती हलली नाही. "अध्यक्ष हो म्हनले का?"

"नाही."

"मंग सोमवारी हिला काढलं तर? आमी तिकडं कोल्हापूरकडं. हिनं काय करायचं?"

मुकादम खालून ओरडला, "उतरव न्हाईतर घट्ट धर, गाडी निघाली." मला कसलाच अधिकार नव्हता. शाळा समितीची, माझा पगारही समितीचाच.

"काढलं तर मीही निघेन. घरी शिकवीन हिला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने मुलीला दोन्ही दंडांना धरून खाली माझ्या हातांत सोडलं.

"लई बोलती. मारू नका," ती म्हणाली.

ट्रक गेला. मुलगी रडली नाही, माझी ओढणी मुठीत धरून उभी राहिली. विश्वास बसायला मी त्या आईकडे आठ दिवस मागितले होते. तिने पोटची पोर सहा महिन्यांसाठी माझ्या हवाली केली, आणि मी तिला तिचं स्वतःचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.