अण्णा आणि उडणारी मंडळी

माझ्या चुलत सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, पंख असलेल्या कुठल्याही जिवावर काडीचा विश्वास नाही. देवळाली प्रवऱ्याला त्यांचं घर उसाला लागूनच असल्याने असे जीव दिवसभर येत-जात असतात आणि अण्णा प्रत्येकाकडे चोर शिरल्यासारखं बघतात. सकाळी चहाच्या आधी बॅटरी घेऊन पत्र्याखालचे कोपरे, मीटरची पेटी, न्हाणीघराची खिडकी तपासायची, गांधीलमाशीने कुठे घर बांधायला घेतलंय का म्हणून. वाळलेला टॉवेल झटकल्याशिवाय ते तोंडाला लावत नाहीत, चप्पल आपटल्याशिवाय पायात घालत नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिथे गेले ती गजरा माळून. त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिला आणि गजऱ्याकडे बघत म्हणाले, "पोरी, ह्यो आत ठिव. वासावर येत्यात त्या." अंगणात रसाचा पेला हातात आला तो ताटलीने झाकलेला. जास्वंदीवर एकच मधमाशी होती. मी म्हटलं, "सहज आली असेल, अण्णा." ते म्हणाले, "सहज कोन येतं? बघून जाईल आन् घरी सांगंल."

याच संशयापायी त्यांचा शेजारच्या तात्यांशी कित्येक वर्षं अबोला होता. तात्यांनी कुंपणालगत शेवगा लावला होता आणि तो फुलला की माश्यांचा नुसता घोंगाट व्हायचा. तात्यांनी झाड मुद्दाम तिथे लावलं, हे अण्णांचं ठाम मत. मागच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो होतो, तेव्हा तात्यांच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलं होतं. अण्णांनी मला निरोप दिला, "त्याला सांग, हात लावू नको म्हनावं. मोहोळ काढनारी मानसं असत्यात, त्यांला बोलव." मी सांगितलं. तात्या हसून म्हणाले, "त्याला भ्या वाटतंय तर दार लावून बस म्हनावं."

त्याच दुपारी तात्यांनी काठीला चिंध्या बांधून पेटवल्या. धूर दिसताच अण्णांनी आम्हाला घरात ढकललं, खिडक्या लावून घेतल्या आणि स्वतः डोक्यापासून घोंगडी पांघरून बाहेर पडले. मी काचेतून बघत होते. तात्या दोन्ही हात झाडत अंगणात गरगर फिरत होते, आणि अण्णा ओरडत होते, "हात हालवू नगंस, तोंड झाक, घरात चल." अर्धी घोंगडी त्यांच्यावर टाकून अण्णांनी त्यांना ओढतच आणलं. दार लावलं तेव्हा अण्णांचे कानही सुजायला लागले होते. मी तात्यांच्या मानेतला काटा चिमटीत धरायला गेले, तर अण्णा म्हणाले, "चिमटू नको, ईख आत जातं. नखानं खरवड." तेवढ्यात तात्यांचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. अण्णांची सून, माझ्या जाऊबाई, डंखाला लावायला चुना शोधायला धावल्या. अण्णा म्हणाले, "चुना ऱ्हाऊ दे. गाडी काढा." गाडी मागच्या दाराशी लावून आम्ही तात्यांना दवाखान्यात नेलं. अण्णा वाटभर त्यांचा हात धरून बसले होते. डॉक्टरांनी घाईने इंजेक्शन भरलं, तर अण्णांनी त्यांनाही विचारलं, "हेच हाय ना नक्की?" तासाभराने तात्यांचा श्वास नीट चालू लागला. डोळे उघडून ते एवढंच म्हणाले, "तुला किती चावल्या रं?" इतक्या वर्षांनी ते अण्णांशी बोलले ते हे.

बरे झाल्यावर तात्या रोज संध्याकाळी अण्णांकडे येऊन बसायला लागले. अण्णा मला फोनवर म्हणायचे, "ह्यो रोज कशाला येतो, कळंना. काय तरी पोटात असंल त्याच्या." पण जाऊबाई सांगायच्या, अण्णा खुर्च्या दोन मांडून ठेवतात आणि तात्यांना उशीर झाला की फाटकापर्यंत जाऊन येतात.

यंदा तात्यांच्या मुलाला नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तो वडिलांना घेऊन गेला. आता तात्या संध्याकाळी फोन करतात. परवा आम्ही गेलो तेव्हा अण्णा मोबाईल मांडीवर ठेवून बसले होते. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी तो उचलला. बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय" चाललं होतं. मग मोबाईलवर हात ठेवून हळूच मला म्हणाले, "पुढच्या महिन्यात येतो म्हनतोय. मला काय खरं वाटत न्हाई."