भोंग्याला मिळवलेलं घड्याळ

बोईसरच्या एका कारखान्यात मी हजेरी विभागात होतो. कामगारांच्या येण्याजाण्याच्या वेळा नोंदवायला कॉम्प्युटर आला, तेव्हा मालकांनी त्याला हार घालून नारळ फोडला. पण त्या शहाण्याला एक खोड होती. शुक्रवारी औद्योगिक वसाहतीला सुट्टी. गुरुवारी संध्याकाळी मेन स्विच खाली ओढला की शनिवारी सकाळी त्याचं घड्याळ मागे पडलेलं. तपासायला आलेला माणूस म्हणाला, आतली बॅटरी संपत आलीय. मालक म्हणाले, "चालतंय ना? मग चालू दे."

मग शेजारच्या कारखान्याचा भोंगा वाजला की मी ते घड्याळ मिळवायचो. मनगटावरचंही. गल्लीत सगळ्यांचा तोच रिवाज होता.

घरी पालघरला बाबा अर्धांगाने पडून. शेजारच्या मावशी त्यांच्याजवळ बसायच्या, पण संध्याकाळी त्यांना दवाखान्यात आयाच्या कामाला जावं लागे. मी पोचायचो त्या सुमारास त्या निघायच्या. हळूहळू माझी गाडी चुकू लागली. कितीही पळा, समोरून गेलेली! फलाटावर पाय ठरत नसत. रेल्वेला शिव्या घातल्या, रिक्षावाल्याशी भांडलो, जीव नुसता वरखाली.

एका संध्याकाळी दार उघडलं तर बाबा जमिनीवर. तहान लागली म्हणून तांब्याकडे सरकले होते. तांब्या लवंडलेला, सदरा ओला. "आलास?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या सकाळी बोईसर स्टेशनवरचं घड्याळ आणि माझं मनगट ताडून पाहिलं, तर माझंच मागे! तडक भोंगा वाजवणाऱ्या वॉचमनवर धावून गेलो. कुठल्या घड्याळावर वाजवता हो?

किनाऱ्यावरच्या गावचा तो म्हातारा शांतपणे म्हणाला, "तुमच्याच की! खिडकीतून बगतो ना रोज. आमचं घड्याल चुकंल, कॉम्पुटर काय चुकनार नाय."

म्हणजे मी भोंग्याला घड्याळ मिळवत होतो आणि भोंगा माझ्या घड्याळाला. अख्खी गल्ली एकमेकांच्या भरवशावर मागे पडत चालली होती. मला हसू आलं नाही. संताप संताप झाला, आणि तो काढू कुणावर? त्या दिवशी मालकांच्या टेबलापुढे जो उभा राहिलो, तो बॅटरी मागवल्याशिवाय हललो नाही.

बॅटरी आली, घड्याळ सुधारलं, गाडीही मिळू लागली. पूर्वी मी चपला घालताना बाबा विचारायचे, "किती वाजेपर्यंत येशील?" ते त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही. नुसतं म्हणायचे, "पाणी हाताशी ठेवून जा."