क्लच नसलेल्या गाडीच्या चार चकरा

अमरावती शहरातल्या निम्म्या लोकांचा डावा पाय मी घडवला आहे. गेली बावीस वर्षं माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि क्लच हळूहळू कसा सोडावा हे मी मास्तरांना, नव्या सुनांना, एका कीर्तनकारबुवांनासुद्धा शिकवलं आहे. त्यामुळे ऑटोमॅटिक गाडीबद्दल माझं मत पक्कं होतं. जिच्यात डाव्या पायाला काही कामच नाही, ती गाडी नव्हे, झोपाळा!

माझी मुलगी केतकी माझ्याच स्कूलमध्ये बायकांची बॅच घेते. तिनं स्वतःच्या कमाईतून गाडी घेतली ती नेमकी ऑटोमॅटिक. वर हीच गाडी स्कूलमध्ये शिकवायलाही वापरू म्हणाली.

"लोकं रोज विचारून राहिले, बाबा. आता सगळे तशाच गाड्या घेऊन राहिले."

"माह्या बोर्डाखाली झोपाळा शिकवनार नाही!"

"मंग एक करा. रविवारी अकोल्याले ट्रॅक डे हाये. माह्या गाडीनं चार चकरा तुमी मारा, चार मी मारीन. तुमचा टाइम कमी आला त मी पुन्हा नाव नाही काढनार. माहा कमी आला त ऑटोमॅटिकची बॅच सुरू!"

"कबूल!" मी म्हणालो. (बायको आत मेथी निवडत होती. तिथूनच ती "अरे देवा" म्हणाली.)

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. रस्त्यावर जी हौस भागवता येत नाही, ती बंदिस्त वाटेवर भागवायची. एका वेळी एकच गाडी, आणि सामना घड्याळाशी. अकोल्याबाहेर प्लॉटांचा एक नवा ले-आउट पडला होता. रस्ते चकाचक, घर एकही नाही. तिथं टायर रचून वळणं केलेली. सगळा खटाटोप एका दातांच्या डॉक्टरांचा, आणि हे डॉक्टर माझे जुने विद्यार्थी. जमलेल्या पन्नासेक माणसांत आणखीही सात-आठ जुने विद्यार्थी होते. "सर येऊन राहिले! आता पाहा मजा!" असं म्हणत सगळे टायरांमागे उभे राहिले. मी हेल्मेट घातलं, केतकी शेजारी बसली, बायको छत्री उघडून सावलीला थांबली.

निघालो. सुरुवात झकास! गाडी सुसाट, माझी मान ताठ. पहिलं वळण आलं, आणि बावीस वर्षांचा संस्कार जागा झाला. वळणाआधी गिअर पाडायचा, म्हणून माझा डावा पाय क्लचवर गेला, तोही पूर्ण ताकदीनिशी. पण तिथं क्लच नव्हता. तिथं होता ब्रेक!

गाडी जागच्या जागी बसली. मी स्टिअरिंगला भेटलो, केतकीचा चष्मा काचेला भेटला. लाउडस्पीकरवरून डॉक्टरांचा आवाज आला, "सर, त्याच्यात क्लच नाही जी!"

हे मला ठाऊक होतं. माझ्या पायाला ठाऊक नव्हतं. पुढच्या तीन वळणांवर मी तीनदा नमस्कार घातले. पहिली चक्कर संपताच बायकोनं छत्री आडवी धरून गाडी थांबवली.

"पाय बांधून टाका तो!"

"काहीतरीच बोलतं! लोकं पाहून राहिले!"

"मघापासून पाहूनच राहिले न ते!" असं म्हणून तिनं उन्हासाठी मी गळ्यात गुंडाळलेला दुपट्टा ओढला आणि माझा डावा पाय सीटखालच्या दांडीला बांधला, पोत्याचं तोंड बांधतात तसा. डॉक्टरांनी नियमांचा कागद उलटसुलट पाहिला. हेल्मेट हवं असं त्यात होतं. पाय मोकळे हवेत असं कुठंच नव्हतं.

दुसऱ्या चकरेला पाय शिस्तीत राहिला. मग हाताला सुचलं. सरळ रस्त्यावर इंजिनाचा आवाज चढला तसा सवयीनं तिसरा गिअर टाकावा म्हणून मी दांडा पुढे ढकलला. तो न्यूट्रलमध्ये गेला! गाडी अशी ओरडली की मूर्तिजापूरपर्यंत ऐकू गेलं असेल. वेग मात्र कमी कमी होत गेला आणि प्रेक्षकांच्या अगदी समोर आम्ही थांबलो. कडेनं एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालल्या होत्या. त्या आमच्या पुढे निघून गेल्या. जाताना मोळी सावरत विचारलं, "काऊन जी, पेट्रोल सरलं का?"

उरलेल्या दोन चकरा केतकीनं माझा डावा हात तिच्या हातात घट्ट धरून ठेवला. भर दुपारी, पन्नास माणसांसमोर, पाय बांधलेला आणि हात लेकीच्या हातात, असा मी एका हातानं गाडी चालवत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी माझी वेळ माइकवर सांगितली नाही. ते जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि दाढ काढावी लागेल हे सांगतात त्या आवाजात कानात सांगितली.

मग केतकी बसली, मी डावीकडे. ही माझी खरी जागा! शिकवायच्या गाडीत उस्तादाच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक असतो. इथं नव्हता, तरी चारही चकरा मी तो दाबत होतो. पायपुसणं फाटलं, गाडीला काही कळलं नाही. केतकी मात्र शांत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, वळणाच्या आधी ब्रेक, वळणात अजिबात नाही, बाहेर पडताना हळूच ॲक्सिलरेटरवर पाय. गिअरचं काय ते गाडीच बघत होती. हे सगळं, गिअर सोडून, मीच तिला शिकवलेलं. एकीकडे हरल्याची लाज वाटत होती आणि दुसरीकडे असं भरून येत होतं की हेल्मेटची काच वर करावी लागली. (धूळ गेली, असं मी बायकोला सांगितलं. तिनं विश्वास ठेवला नाही.)

तिची वेळ माइकवर दोनदा जाहीर झाली.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं तर बाहेर नऊ माणसं उभी. सगळ्यांना ऑटोमॅटिकच शिकायची होती. मी पहिल्या बाईंना विचारलं, "ते त सोपी असते म्हणतात. शिकाची काय गरज?"

"सोपी कायची जी?" त्या म्हणाल्या. "तुमचा व्हिडिओ पाह्यला न आमी मोबाइलवर! खुद्द सरले जमली नाही, म्हंजे मॅडमपाशी शिकाच लागन!"

बावीस वर्षं मी धड गाडी चालवून दाखवली, तेव्हा एका दिवसात नऊ माणसं कधी आली नव्हती. आता पुढच्या ट्रॅक डेलाही मी असंच हरावं, असा केतकीचा आग्रह आहे. "थोडा सराव करान का, बाबा?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "याले सरावाची गरज नाही."