चोराच्या अंगाचा वास

त्याला सगळे 'चोर' म्हणायचे. मालक म्हणायचा, उस्ताद म्हणायचा, आणि चिडली की बायकोसुद्धा. वास्तविक त्याने कुणाची टाचणीही उचलली नव्हती. गोदामांना राखणीचे कुत्रे तयार करून देणाऱ्या एका केंद्रावर तो चावून घेण्याचं काम करायचा. कापूस भरलेला जाड अंगरखा आणि डाव्या हाताला तागाची बाही चढवायची, हात वर करून ओरडत पळायचं, आणि मागून सुटलेल्या कुत्र्याच्या तोंडात नेमकी ती बाही द्यायची. कुत्र्यांना शिकवणारा उस्ताद 'सोड' म्हणाला की कुत्रा सोडणार. चोराने मात्र हुकमाचा एक शब्दही काढायचा नाही. चोराचं ऐकणारा कुत्रा काय कामाचा?

अंगरखा असला तरी अंग वाचत नाही. त्याच्या मांडीत चमचाभर खड्डा होता, कानाची पाळी शिवलेली होती. "फुकटचं भरतकाम," तो म्हणायचा.

दुखण्याचं त्याला काही वाटत नसे, वासाचं वाटे. लाळ, घाम, ओला ताग. बायको म्हणाली, "तुम्ही दारात आलात की शेजारची मांजर झाडावर चढते. काहीतरी लावत जा." तेव्हा त्याने एक कोलोन धरलं, ते कायमचं. आधी लिंबाच्या सालीसारखी चुणचुणीत झुळूक यायची, ती अंगरख्याची बटणं लावेपर्यंत उडून जायची. मग नुकताच रंधा मारलेल्या देवदाराचा कोरडा वास. पळून अंग तापलं की त्याखालून चंदन आणि तंबाखूची ऊब वर यायची, ती काही हटत नसे. अंघोळीनंतरही मानेवर रेंगाळायची, अंगरख्यात तर मुरूनच बसली होती. बायको खूश झाली. उस्ताद हसायचा, "चोर दिसायच्या आधी नाकाला कळतो!"

हे कुत्र्यांच्या नाकालाही कळत असेल, असं ना चोराच्या डोक्यात आलं ना उस्तादाच्या. तिथल्या प्रत्येक पिल्लाने पहिली काठी खाल्ली ती त्या वासाकडून आणि पहिला दात रोवला तोही त्या वासात.

बायकोचा एकुलता भाऊ बरेच दिवस घरी बसून होता. चोराने मालकाकडे शब्द टाकला आणि मेहुण्याला कुत्र्यांना खायला घालायच्या कामावर लावलं. पहिल्या सकाळी स्वतःच्या हाताने त्याच्या मानेवर, कॉलरवर कोलोन मारलं.

"दाजी, कुत्र्यांना वाढायचंय, मला नवरदेव नाही व्हायचं."

"गप रे. मालकाला टापटीप लागते."

केंद्रापर्यंत उन्हातून चालत गेले. मेहुण्याचं अंग तापलं.

वाढणारा माणूस पिंजऱ्यात शिरला की एरवी कुत्रे शेपटी हलवतात. करड्या रंगाच्या थोराड कुत्र्याने वाडग्याकडे बघितलंच नाही. हुंगलं, कान मागे पाडले आणि मेहुण्याचा हात धरला. मेहुण्याने हात हिसडला. चामडी मोज्यासारखी सोलून आली. तो पडला, तेव्हा कुत्र्याने हात सोडून मानेला तोंड घातलं.

किंकाळी ऐकून चोर पिंजऱ्यात धावला. हातातली बादली त्याने कुत्र्याच्या पाठीत घातली, पुन्हा घातली, बूड चेपेपर्यंत घातली. जबडा आणखी आवळला. मार बसला की घट्ट धरायचं, हे त्यानेच तर शिकवलं होतं. "सोड!" तो ओरडला. कुत्र्याने कानही हलवला नाही. उस्ताद फाटकापासून पळत येत होता, पण लांब होता. मेहुण्याच्या मानेतून रक्त उसळत होतं, आणि त्या रक्तावरून चोराच्या नाकात चंदन शिरलं.

त्याला सगळं उमगलं.

त्याने बादली टाकली. दोन पावलं मागे सरला, हात वर केले, नेहमीची ती किंचाळी फोडली आणि पळाला. करड्याने मान सोडली. पलटून आला तेव्हा चोराने डावा हात पुढे केला, उघडा. मनगटाच्या वर हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. कुत्रा झटके देत होता. चोर पाय रोवून उभा राहिला. पडलो तर मान, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"सोड!" उस्ताद पोचला.

कुत्र्याने तात्काळ सोडलं. दोघांच्या मध्ये बसून तो वर बघू लागला. तोंड लालभडक, शेपटी जमीन झाडतेय.

"मारा त्याला," मेहुणा मान दाबून धरत कण्हला. "दाजी, मारा."

उस्तादाने भिंतीजवळचं फावडं उचललं.

"ठेव ते," चोर हळूच म्हणाला. "आधी शाबास म्हण. काम संपलं हे त्याला कळू दे, नाहीतर परत धरेल."

"शाबास," उस्ताद पुटपुटला.

"मोठ्याने."

"शाबास! शाबास, बेटा!"

कुत्रा लाडाने उस्तादाच्या गुडघ्याला जाऊन बिलगला. तेवढ्यात चोराने उजव्या हाताने मेहुण्याच्या कमरेचा पट्टा धरला आणि त्याला फरफटत पिंजऱ्याच्या दाराबाहेर ओढलं.