रुईची आंघोळ

नाही रे ललित, पापडासारखी झाली ती शोभाबाईची पहिली गोधडी, सुषमाची नव्हे. सुषमाची नंतर. नीट ऐकत जा, अन् अक्षरांवर रेघ ओढ, गुजरातीसारखी बोडकी ठेवू नको. उज्ज्वलाला वाचता आलं पाहिजे. पहिल्यांदाच गोधडी शिवायला बसलीये तुझी बहीण, तेही येणाऱ्या बाळासाठी.

तर लिही. आपल्या बाजूच्या खोलीतली शोभाबाई, छगनभाऊची बायको. ती इथं सुरतेत, उधन्याला आली तेव्हा तिला गोधडी शिवता येत होती, पण गावची. गावाला आपल्या गोधडीत काय असतं? जुनी लुगडी, जुनं धोतर. सगळं सुती, वर्षानुवर्षं धुतलेलं. आटायचं ते कधीच आटून गेलेलं. इथं सुरतेत जुनं लुगडं कुठून आणायचं? जिच्यातिच्या अंगावर मिलची चकचकीत साडी. त्यात ऊब नाही, अन् एकावर एक ठेवल्या तर घसरतात मेल्या.

मग तिनं डोकं चालवलं. छगनभाऊ लूमवरून फेंट आणायचा, फेंट म्हणजे कापडाचे उरलेले तुकडे. त्याची वरची खोळ केली अन् आत पिंजाऱ्याकडची कोरी रुई भरली. अशी फुगली, अशी झकास दिसली! मी म्हटलं, "शोभाबाई, ही तर सेठाणीच्या पलंगावर शोभंल."

पहिल्या धुण्याला घात झाला. वरचं कापड मिलचं, ते काही आटेना. आतली रुई मात्र आटली, जागोजाग गोळा झाली. दोरीवर टाकली तर नुसत्या चुण्या. समोरची गुजरातीण हसली, "शोभाबेन, आ पापड क्यारे शेक्यो?" म्हणजे हा पापड कधी भाजला. शोभाबाईनं तिला हसून दाखवलं, पण आत जाऊन सगळी गोधडी उसवून टाकली. तिचा राग असाच, भांडत नाही, उसवत बसते.

मग करून करून शिकली. हे नीट लिही हां. रुईचा सारखा थर करायचा. दोन जुन्या मलमलीच्या फडक्यांत घालायचा अन् लांब लांब टाके टाकून धरायचा. मोठ्या टबात कोमट पाणी घ्यायचं, त्यात तो दाबून बुडवायचा. चोळायचा नाही, पिळायचा तर बिलकूल नाही. तळहातानं दाबून पाणी काढायचं अन् खाटेवर सपाट पसरायचा. काय आटायचं ते तिथंच आटू द्यायचं. पुरता वाळला की मगच खोळ बेतायची. आधी बेतली की बसा रडत. अन् वरून टाके दाट घालायचे, बोटबोटभर अंतरावर, म्हणजे रुई सरकत नाही.

प्लेगची पळापळ झाली ना, त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात सुषमाचं लग्न ठरलं. सुषमा म्हणजे शोभाबाईची एकुलती पोरगी. सासर शिंदखेड्याकडचं. रुखवतात गोधडी ठेवायची होती, अन् शोभाबाईला एकच घोर. मला म्हणायची, "आक्का, पोरगी लांब जाऊन राहिली. ही गोधडी धुण्यात चुरमडली ना, तर दर धुण्याला सासू तिला ऐकवंल, आईनं हेच शिकवलं का म्हणून."

अन् नेमकं काय झालं! रुई भिजवून अंगणात खाटेवर वाळत टाकलेली. विहीणबाई बस्ता बांधायला सुरतेत आल्या होत्या, त्या न सांगता चहाला दारात. सुमनबाई त्यांचं नाव. मोठं कुंकू, मोठा आवाज. खाटेपाशी थबकल्या.

"काय वं विहीणबाई, जुनी गादी धुतली का?"

मी मागून डोळ्यानं खुणावतेय, हो म्हण, हो म्हण. पण ही बाई खोटं बोलंल तर ना!

"नाही हो. सुषमाच्या गोधडीची रुई आहे, रुखवतातली."

"आमच्या घरी धुतलेलं देणार? लग्नात सगळं कोरं लागतं, एवढंही ठाऊक नाही का सुरतवाल्यांना? चारचौघांत काय सांगू, सुनेनं वापरलेलं आणलं?"

छगनभाऊ चहाचं आधण सोडून दारात आला. सुषमा दाराआड, तोंड उतरलेलं. मला वाटलं, गेलं हे लग्न. शोभाबाईनं पदर खोचला.

"विहीणबाई, नवरीला हळद लावून न्हाऊ घालता का नाही?"

"घालतो की."

"मग ती काय वापरलेली होते का?"

समोरची गुजरातीण तोंडाला पदर लावून उभी. सुमनबाई एकदा शोभाबाईकडे बघतायत, एकदा रुईकडे. मग म्हणाल्या, "बरं, न्हाऊ घातलं, कबूल. पण हळद कुठाय?"

शोभाबाई घरात गेली, हळदीच्या डब्यात बोट बुडवून आली, अन् मलमलीच्या कोपऱ्याला ते पिवळं बोट ओढलं. "ही घ्या."

सुमनबाईंना असं हसू फुटलं की खाटेच्या दांडीवरच टेकल्या. "छगनराव, चहात साखर जास्त घाला. तुमच्या बायकोशी बोलायला ताकद लागते."

पण जाताना म्हणाल्याच, "पहिल्या धुण्याला बघते मी."

दिवाळीला सुषमा माहेरी आली. शोभाबाईनं पोरीला पाणी विचारायच्या आधी विचारलं, "धुतली का गं?" सुषमा मुद्दाम तोंड पाडून बसली. आईचा जीव खालीवर. मग हसली लबाड.

"सासूबाईंनी स्वतः धुतली. दोरीवर टाकून चाचपून चाचपून बघितली, एक चुणी सापडंना. आता म्हणतात, आईला सांग, मला पण एक शिव. अन् हळदीचं बोट विसरू नको म्हणावं."

तेव्हापासून शोभाबाईच्या दर गोधडीत, आतल्या मलमलीवर, ते बोट असतं. कुणाला दिसत नाही. माझ्या पायावर आहे ना ही, हिच्यात पण आहे. वरचा रंग उडाला धुऊन धुऊन, पण हात फिरवून बघ, कशी सपाट आहे.

झालं. आता कागदाची घडी घाल. उद्या कोसाडला बहिणीकडे जाशील तेव्हा उज्ज्वलाला दे, अन् ही दोन मलमलीची फडकी पण दे, शोभाबाईनं काढून ठेवलीयेत तिच्यासाठी. तिला म्हणावं, घाई करू नको. आधी रुईची आंघोळ, मग खोळ. अन् हळदीचं बोट शोभाबाईच्या नावानं लाव म्हणावं.